फेरफार नोंदवही ते ई-फेरफार : खेड तालुक्याच्या विशेष संदर्भात महसुली कार्यपद्धतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील ग्रामीण समाजाच्या आर्थिक जीवनात सातबारा उताऱ्यास असाधारण महत्त्व आहे. पीककर्ज, खरेदीखत, वारसाहक्क आणि भूसंपादनाचा मोबदला या सर्व बाबी या एका उताऱ्यावर अवलंबून असतात. राजगुरुनगर हे मुख्यालय असलेल्या खेड तालुक्यात चाकण औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारामुळे हे महत्त्व अधिकच वाढले. उताऱ्यात बदल घडवून आणणारी फेरफाराची प्रक्रिया एका व्यक्तीच्या हातात कधीच नव्हती. दुय्यम निबंधक, तलाठी, मंडल अधिकारी व तहसीलदार यांनी ठरलेल्या क्रमाने करावयाचे ते सामूहिक काम आहे. हे काम कागदावरून सामाईक संगणकीय प्रणालीवर आले, तेव्हा कोणते दोष उद्भवले व त्यांच्या निराकरणासाठी कोणती कार्यपद्धती घडवावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कागदावरील कार्यक्रम :

मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणी व जमाबंदीचा प्रारंभ १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाला. त्या व्यवस्थेत सारा कोण भरतो याची नोंद होती. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, याची स्वतंत्र नोंद नव्हती. ही उणीव १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने दूर केली. १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाल्या. पुढे अँडरसन यांच्या महसुली लेखापद्धतीतून गाव नमुन्यांची २१ क्रमांकांची मांडणी रूढ झाली. १९५१ मध्ये कुलकर्णी वतन संपुष्टात आले आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. नमुने मात्र तेच राहिले.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ व १५० मध्ये या कामाचा क्रम स्पष्ट केलेला आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे; तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घ्यावी; तिची प्रत चावडीवर लावून हितसंबंधितांस नोटीस द्यावी; हरकत आल्यास प्रकरण नमुना ६-अ मध्ये घ्यावे; आणि अखेरीस सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी. प्रमाणित होईपर्यंत सातबारावर पेन्सिलीने खूण ठेवण्याचा प्रघात होता. पेन्सिलीची नोंद तात्पुरती आणि शाईची नोंद कायम, असा हा साधा परंतु अर्थपूर्ण भेद होता. अडचणीच्या प्रकरणात तलाठी समासात शेरा लिहून ठेवत असे. नमुन्यात न बसणाऱ्या गोष्टींना कागदाच्या समासात जागा मिळत होती.

संगणकीय प्रणालीकडे संक्रमण :

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला व पुढे त्याचे ‘डिजिटल इंडिया’ या नावाखाली नामांतर झाले. महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि पुणे येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांच्या सहकार्याने ई-फेरफार प्रणाली विकसित झाली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची माहिती प्रणालीद्वारे महसूल यंत्रणेकडे जाते. त्यावरून फेरफार तयार होतो, नोटीस निघते, हरकतीची मुदत मोजली जाते आणि त्यानंतरच मंडल अधिकाऱ्यास नोंद प्रमाणित करता येते. पेन्सिलीच्या खुणेची जागा ‘प्रलंबित फेरफार’ या टिपणीने घेतली. कायद्यातील क्रम पूर्वी कर्मचाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून होता. आता तो प्रणालीतच बांधला गेला.

दोष व त्यांचे निराकरण :

तथापि प्रणालीत भरलेली माहिती जुन्या हस्तलिखित दप्तरातून टंकलिखित झालेली होती. गटाचे एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज न जुळणे, नाव वगळले जाणे, इतर हक्कांतील बोजा सुटणे असे दोष उघड झाले. कागदावर अशी विसंगती वर्षानुवर्षे निमूटपणे राहू शकत असे; बेरीज तपासणारी प्रणाली मात्र ती पुढे आणू लागली. त्यासाठी विसंगतीदर्शक अहवाल, एडिट व री-एडिट या नावांची दुरुस्ती सुविधा आणि हस्तलिखिताशी पडताळणी अशी कामाची स्वतंत्र साखळी उभी करण्यात आली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन संगणकीकृत उतारे खातेदारांसमोर वाचण्यात आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उपलब्ध झाले. या काळात सर्व्हरचा संथ वेग व जोडणीतील खंड ही तलाठ्यांची सततची तक्रार होती. ही अडचण तांत्रिक साधनांनी कमी करता येण्याजोगी होती.

खरी अडचण निराळी होती. पडताळणीनंतर उरलेल्या चुकांसाठी अधिनियमाच्या कलम १५५ चा आधार घेण्यात आला. तलाठ्याने प्रस्ताव द्यावा, तहसीलदाराने आदेश करावा व त्यानुसार फेरफार प्रमाणित व्हावा, अशी पद्धत रूढ झाली. परंतु हे कलम केवळ लेखनप्रमादापुरते आहे. त्याद्वारे हक्काचा निर्णय करता येत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीपूर्वी एक प्रश्न उभा राहतो : ही टंकलेखनाची चूक आहे की वादाचा विषय? गळालेले नाव टंकलेखकाच्या अनवधानाने गळाले की मूळ नोंदीतच कमी झाले होते, याचे उत्तर संगणक देऊ शकत नाही. ते केवळ जुन्या दप्तरातून मिळते.

खेड तालुक्यातील विशेष प्रश्न :

खेड तालुक्यात हा प्रश्न तीव्र होण्यास स्थानिक कारणे आहेत. पहिले कारण जमिनींच्या तुकड्यांचे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये राबविलेल्या योजनेने सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आणले. औद्योगिकीकरणानंतर चाकण परिसरात गुंठ्यांनी व्यवहार वाढले. एका गटात अनेक सहधारक आले, की एकाच्या क्षेत्रातील आणेवारीची चूक सर्वांच्या बेरजेत उतरते.

दुसरे कारण इतर हक्कांतील शेऱ्यांचे. तालुक्यात चासकमान व भामा आसखेड ही धरणे झाली. कनेरसर, निमगाव, दावडी परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन झाले. पुनर्वसन व संपादनाचे शेरे सातबारावर आले. असा शेरा प्रणालीत केवळ माहिती म्हणून राहत नाही. तो पुढील हस्तांतरणास अटकाव करतो. संपादनातून वगळलेल्या जमिनीवरील शेरा कायम राहिल्यास खातेदाराचे कर्ज व विक्री दोन्ही अडतात. उलट आवश्यक शेरा चुकून गळाल्यास अनभिज्ञ खरेदीदार फसतो. म्हणजेच एकाच रकान्यातील दोष दोन भिन्न व्यक्तींचे नुकसान करू शकतो.

निष्कर्ष :

१. ई-फेरफार प्रणालीने नवा क्रम निर्माण केला नाही; १९०३ पासून विकसित झालेला क्रम तिने अनिवार्य केला. त्यामुळे नोंदींचा मागोवा घेणे सुलभ झाले.

२. कर्मचाऱ्याचा विवेकाधिकार नष्ट झाला नाही, त्याचे स्थान बदलले. पूर्वी तो नोंद केव्हा घ्यावी यात होता. आता तो चूक कोणत्या प्रकारची आहे हे ठरविण्यात आहे.

३. म्हणून कलम १५५ खालील प्रत्येक आदेशात चुकीचे स्वरूप व मूळ हस्तलिखित नोंदीचा आधार सकारण नमूद होणे, आणि सर्व सहधारकांस नोटीस मिळणे अत्यावश्यक आहे.

४. हस्तलिखित दप्तर कालबाह्य समजणे धोक्याचे ठरेल. संगणकीय अभिलेखाच्या सत्यतेची अंतिम कसोटी तेच आहे.

२०२४ मध्ये तलाठी हे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले. पदनाम व साधने बदलली, तरी चावडीवर नोंद जाहीर करून हरकत ऐकून घेण्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही. शेतकऱ्याच्या हक्काचे संरक्षण त्या तत्त्वाच्या प्रामाणिक पालनावरच अवलंबून राहील.