नगरसंस्थांचे जागतिक संघटन आणि त्याच्या मोजपट्ट्या

पर्यावरणाच्या प्रश्नांसाठी नगरपालिका आणि महापालिका यांनी देशांच्या सीमा ओलांडून परस्परांशी संधान बांधावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुजली आणि ‘स्थानिक शासनांचे शाश्वतता नेटवर्क’ अशी तिची ओळख झाली. नेटवर्क म्हणजे येथे कायद्याने बांधलेला महासंघ नव्हे, तर स्वेच्छेने सामील झालेल्या आणि स्वेच्छेनेच बाहेर पडू शकणाऱ्या संस्थांचा समूह होय. अशा समूहाला सदस्यांवर हुकूम चालवता येत नाही, कर बसवता येत नाही आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याला दंडही करता येत नाही. त्यामुळे आपली उपयुक्तता पटवून देण्यासाठी त्याला सतत कोणत्या तरी मोजमापाचा आधार घ्यावा लागतो. या संघटनांपैकी जुन्या आणि विस्तृत अशा ‘इक्ली’ या संस्थेचा इतिहास पाहिला, तर तिची मोजपट्टी वारंवार बदलली आणि प्रत्येक बदलाबरोबर तिच्या कामाचा कलही बदलत गेला, असे दिसते. म्हणूनच तिच्या भवितव्याचा विचार तिच्या मोजमापाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

नगरसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनाची परंपरा पर्यावरणाच्या चळवळीहून जुनी आहे. बेल्जियममधील गेंट येथे १९१३ साली स्थानिक संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, तेव्हा नगररचना, सार्वजनिक आरोग्य आणि कारभाराच्या पद्धती या विषयांवर अनुभवांची देवाणघेवाण करणे हा त्याचा हेतू होता. पर्यावरणाचा प्रश्न या वर्तुळात ठळकपणे आला तो १९८० च्या दशकात. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार १९८७ साली झाला; त्याच वर्षी ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची, म्हणजे पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवण्याची, संकल्पना जगापुढे मांडली. ओझोनवरील धोका दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी शेरवुड रोलंड ज्या गावी अध्यापन करीत, त्या कॅलिफोर्नियातील अर्वाइन नगराने १९८९ साली ही रसायने वापरण्यावर स्वतःचा नियम करून निर्बंध घातले. देशाचे सरकार थांबले असता नगर पुढे जाऊ शकते, हा विचार अशा उदाहरणांतून बळावला. सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात ४३ देशांतील २०० हून अधिक स्थानिक शासनांचे प्रतिनिधी जमले आणि ‘स्थानिक पर्यावरणीय उपक्रमांची आंतरराष्ट्रीय परिषद’ या नावाने इक्लीची स्थापना झाली. तिचे जागतिक सचिवालय टोरंटोला आणि युरोपीय सचिवालय जर्मनीतील फ्रायबुर्गला सुरू झाले.

संस्थेला जगभर ओळख मिळाली ती संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या रिओ परिषदेमुळे. त्या परिषदेत संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या कृतिआराखड्याच्या २८ व्या प्रकरणात प्रत्येक देशातील बहुतेक स्थानिक संस्थांनी १९९६ पर्यंत आपापल्या नागरिकांशी विचारविनिमय करून ‘स्थानिक अजेंडा २१’ तयार करावा, असे उद्दिष्ट ठेवले होते आणि या प्रकरणाच्या घडणीत इक्लीचा मोठा वाटा होता. उद्दिष्टाला मुदत होती, त्यामुळे हिशेब देणे ओघानेच आले. १९९७ साली ६४ देशांतील १,८१२ स्थानिक शासने या कामात असल्याचे इक्लीच्या पाहणीत आढळले. शाश्वत विकासावरील जोहान्सबर्ग परिषदेच्या निमित्ताने २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत हा आकडा ११३ देशांतील ६,४१६ वर गेला होता. वाढ डोळ्यांत भरणारी असली तरी त्याच पाहणीनुसार यांपैकी ५,२९२ संस्था, म्हणजे दर पाचांपैकी चारांहून अधिक, युरोपातील होत्या. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि पश्चिम आशिया यांचा वाटा अगदी किरकोळ होता. शिवाय हा आकडा प्रक्रिया सुरू केलेल्या संस्थांचा होता. त्या प्रक्रियेमुळे नद्यांचे पाणी किती सुधारले किंवा कचऱ्याचे डोंगर किती घटले, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. विचारविनिमय हेच साध्य मानणाऱ्या मोजपट्टीवर नागरिकांची सभा भरवणारे नगर आणि त्या सभेतील ठराव अंमलात आणणारे नगर यांची नोंद सारखीच होत होती.

ही उणीव हवामानबदलाच्या कामात काही अंशी भरून निघाली. टोरंटो येथे १९८८ साली झालेल्या परिषदेने कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २००५ पर्यंत २० टक्क्यांनी घटवावे अशी शिफारस केली होती आणि टोरंटो नगराने ते लक्ष्य स्वतःसाठी स्वीकारले होते. या प्रेरणेतून इक्लीने प्रथम मोजक्या नगरांचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला आणि १९९३ पासून ‘हवामान संरक्षणासाठी नगरे’ ही मोहीम चालवली. मोहिमेची रचना पाच टप्प्यांची होती: उत्सर्जनाची मोजदाद करणे, घट करण्याचे लक्ष्य ठरवणे, आराखडा बनवणे, तो अंमलात आणणे आणि परिणाम तपासणे. या रचनेमुळे अमूर्त वाटणारा प्रश्न नगराच्या अभियंत्याला आणि लेखाधिकाऱ्याला हाताळता येईल अशा स्वरूपात पुढे आला. पथदिव्यांचे वीजबिल, पाणीउपशाच्या पंपांचा खर्च आणि कचराभूमीतून निघणारा मिथेन वायू हे नित्याचे विषय हवामानाच्या हिशेबात दाखल झाले आणि बचतीच्या आकड्यांमुळे पर्यावरणाविषयी उदासीन असलेल्या सभागृहांनाही त्यांत रस वाटू लागला.

तथापि टनांत व्यक्त होणारी मोजपट्टीही वाटते तितकी निर्विवाद नव्हती. नगराच्या हद्दीतील एकूण उत्सर्जनापैकी नगरपालिकेच्या स्वतःच्या इमारती, वाहने आणि दिवे यांचा वाटा बहुधा अगदी लहान असतो. उरलेला भार घरे, कारखाने आणि खासगी वाहतूक यांचा असतो आणि त्यांवर पालिकेचे नियंत्रण मर्यादित असते. उलट, पालिकेने काहीच केले नाही तरी आकडा घटू शकतो. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात कोळशाऐवजी नैसर्गिक वायूवर वीज तयार होऊ लागली, तेव्हा प्रत्येक नगराच्या वीजवापरामागील उत्सर्जन आपोआप कमी झाले आणि त्याचे श्रेय कोणत्याही नगरसभेच्या ठरावाला देता येण्यासारखे नव्हते. मिशेल बेट्सिल आणि हॅरिएट बल्कली या अभ्यासकांनी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील सदस्य नगरांचा अभ्यास करून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणखी मूलगामी निरीक्षण नोंदवले. नेटवर्कमधून मिळणाऱ्या तांत्रिक माहितीपेक्षा त्यातून लाभणारे आर्थिक साहाय्य आणि राजकीय पाठबळ नगरांना अधिक मोलाचे वाटत होते. पालिकेत या विषयासाठी झटणारा अधिकारी किंवा नगरसेवक आपले म्हणणे सभागृहात पुढे रेटताना सदस्यत्वाचा आधार घेत असे. पुढे क्रिस्टिने केर्न आणि बल्कली यांनी युरोपातील अशा संघटनांचे वर्णन अग्रेसर नगरांनी अग्रेसर नगरांसाठी चालवलेली व्यवस्था असे केले. जी नगरे आधीच पुढे होती ती अधिक पुढे गेली आणि निष्क्रिय सदस्य केवळ यादीत राहिले, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

आर्थिक आधार काढून घेतल्यास काय उरते, याची परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. तेथे केंद्र सरकारच्या निधीवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या ‘हवामान संरक्षणासाठी नगरे’ मोहिमेत २०० हून अधिक स्थानिक परिषदा सामील झाल्या होत्या आणि देशाची बहुसंख्य लोकवस्ती तिच्या कक्षेत आली होती. व्याप्तीच्या दृष्टीने ती जगातील सर्वांत यशस्वी राष्ट्रीय मोहिमांत गणली जात असतानाच २००९ साली निधी थांबला आणि कार्यक्रम बंद पडला. अमेरिकेत संकट निराळ्या दिशेने आले. अजेंडा २१ हा खासगी मालमत्तेवर घाला घालण्याचा संयुक्त राष्ट्रांचा डाव आहे, असा प्रचार उजव्या राजकीय गटांनी सुरू केला. २०११ साली मेरीलँड राज्यातील कॅरोल काउंटीने इक्लीचे सदस्यत्व सोडले, तिच्यामागोमाग इतर स्थानिक संस्थाही बाहेर पडल्या आणि २०१२ साली अलाबामा राज्याने या कृतिआराखड्याविरुद्ध कायदाच केला. सदस्यसंख्या हेच यशाचे माप मानले असते, तर ही संस्थेची हार ठरली असती. परंतु बाहेर पडलेल्या संस्थांनी ऊर्जाबचतीची जी कामे नित्याच्या कारभारात मुरवली होती, ती सोडून देण्यास सदस्यत्व संपणे हे पुरेसे कारण नव्हते. या दोन घटनांनी सदस्यत्व आणि परिणाम यांतील अंतर जितके स्पष्ट केले, तितके कोणत्याही पाहणीने केले नव्हते.

यानंतरचा काळ प्रतिज्ञांचा आणि नोंदवह्यांचा होता. युरोपीय आयोगाने २००८ साली महापौरांचा करारनामा पुढे आणला. त्यावर सही करणाऱ्या नगरांनी २०२० पर्यंत उत्सर्जन २० टक्क्यांहून अधिक घटवण्याचे वचन दिले. २०१० साली महापौरांनी केलेल्या मेक्सिको सिटी करारासोबत ‘कार्बन’ ही जाहीर नोंदवही सुरू झाली, जीत नगरांनी आपली लक्ष्ये आणि आकडे स्वतः नोंदवायचे होते. लंडनच्या पुढाकाराने २००५ साली जन्मलेले ‘सी ४०’ हे महानगरांचे संघटनही एव्हाना प्रबळ झाले होते. नगरागणिक हिशेबाची रीत वेगळी असल्याने आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नव्हते. म्हणून इक्ली, सी ४० आणि जागतिक संसाधन संस्था यांनी मिळून संपूर्ण नगरसमुदायाच्या उत्सर्जनासाठी एक समान लेखापद्धती सिद्ध केली आणि ती डिसेंबर २०१४ मध्ये लिमा येथे जाहीर झाली. हद्दीतील इंधनज्वलन, बाहेरून येणारी वीज आणि हद्दीबाहेर घडणारे पण नगराच्या व्यवहारांमुळे होणारे उत्सर्जन अशी तीन खाती तिने वेगळी केली. ही सुधारणा मोलाची होती. मात्र हे काटेकोर हिशेब ठेवण्यास लागणारा तज्ज्ञवर्ग मोठ्या महानगरांकडेच असल्याने लहान नगरे पुन्हा मागे पडली.

भारतात हा प्रवाह येऊन मिळाला तो नगरसंस्थांना घटनात्मक स्थान मिळाल्यानंतर. जून १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पर्यावरण संरक्षण आणि नागरी वनीकरण यांचा समावेश आहे. तरी वीजवितरण आणि वाहतुकीचे बहुतेक निर्णय राज्य पातळीवरच होत राहिले. इक्लीचे दक्षिण आशियाई सचिवालय २००५ साली स्थापन झाले आणि युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने २०१२ ते २०१६ या काळात झालेल्या अल्प-उत्सर्जन नगरविकास प्रकल्पात ठाणे व राजकोट ही आदर्श नगरे, तर पणजी आणि पिंपरी-चिंचवड यांसारखी नगरे त्यांच्याकडून शिकणारी सहयोगी नगरे म्हणून निवडली गेली. ठाण्याचा अनुभव येथे विशेष बोलका आहे. या महापालिकेने नव्या इमारतींवरील सौर पाणीतापक बांधकाम परवानगीच्या अटींत घातले आणि मालमत्ता करातील सवलतीची त्याला जोड दिली. नियम आणि कर यांत रुजलेली अशी तरतूद प्रकल्पाची मुदत संपली म्हणून संपत नाही. मुंबई २०२० च्या अखेरीस सी ४० मध्ये सामील झाली आणि २०२२ साली तिने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवणारा हवामान कृतिआराखडा जाहीर केला. तथापि त्याच वर्षापासून निवडणुका रखडल्याने महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. नेटवर्कच्या मुळाशी असलेली, मतदारांना बांधील अशा नगरसभेने वचन द्यावे ही कल्पना अशा काळात कागदावरच राहते.

याच राज्यात एक निराळे प्रतिमानही उभे राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात राज्य सरकार भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच महाभूतांच्या चौकटीत नगरसंस्था आणि ग्रामपंचायती यांना गुण देते व अव्वल ठरलेल्यांना गौरवते. येथे सहभागाची प्रेरणा वरून येते, त्यामुळे स्वेच्छेच्या नेटवर्कच्या आवाक्यात कधी न आलेल्या छोट्या नगरपंचायतीही त्यात ओढल्या जातात. स्पर्धेची मर्यादाही उघड आहे: गुणांसाठी केलेले काम गुणांकनाचा हंगाम सरताच ढिले पडू शकते आणि शेजारच्या नगराला आपली युक्ती शिकवण्यात स्पर्धकाचा लाभ नसतो. स्वेच्छेच्या नेटवर्कमध्ये शिकवण्याची ओढ असते पण पोहोच अपुरी पडते, तर शासकीय अभियानाला पोहोच असते पण परस्परशिक्षणाची सोय नसते. दोन्ही व्यवस्था एकमेकींच्या उणिवा भरून काढू शकतात, ही शक्यता अद्याप पुरेशी वापरलेली नाही.

इक्ली आपल्या भविष्याची आखणी जागतिक अधिवेशनांतून करते. माँट्रियल येथील २०१८ च्या अधिवेशनात अल्प उत्सर्जन, निसर्गाधारित, समतापूर्ण, आपत्तींना तोंड देण्यास सक्षम आणि चक्रीय विकास असे पाच मार्ग तिने स्वीकारले आणि माल्मो येथे २०२१ ते २०२७ या कालखंडाची दिशा ठरवली. आज तिच्याशी १२५ हून अधिक देशांतील २,५०० हून अधिक स्थानिक आणि प्रादेशिक शासने जोडलेली आहेत. हा विस्तार संस्थेच्या चिकाटीची साक्ष देतो. परंतु सदस्य, सभा, टन आणि प्रतिज्ञा या चारही मोजपट्ट्यांचा अनुभव घेतल्यावर आणखी एका जागतिक आकड्याने मूल्यमापन पुरे होईल असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. निधी संपल्यानंतर तीन-चार वर्षांनी सदस्य नगराच्या अंदाजपत्रकात त्या कामाचे लेखाशीर्ष उरले आहे काय, विकास नियंत्रण नियमावलीत किंवा करआकारणीत त्याची तरतूद झाली आहे काय, अधिकाऱ्यांच्या बदलीनंतरही ते काम सांभाळणारे पद भरलेले आहे काय, आणि त्या नगराकडून दुसऱ्या, विशेषतः लहान, नगराने प्रत्यक्ष काही उचलले आहे काय, हे प्रश्न कोणत्याही पालिकेच्या दप्तरातून तपासता येण्यासारखे आहेत. त्यांची उत्तरे परिषदांच्या व्यासपीठांवर झळकणारी नसतात आणि निधी देणाऱ्या संस्थांच्या वार्षिक अहवालांतही ती सहज बसत नाहीत. म्हणूनच नेटवर्कने आपल्या पुढील आखणीत प्रकल्प संपल्यावरच्या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद राखून ठेवणे आणि निष्क्रिय सदस्यांची नावे यादीतून कमी होऊ देण्याचे धैर्य दाखवणे, ही दोन पावले नव्या घोषणांपेक्षा अधिक निकडीची ठरतात.