आनुषंगिक निर्मिती आणि सेवात्याग

विवेचनाच्या आरंभी तीन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ‘सेवा’ म्हणजे नियत वेतनाच्या मोबदल्यात आपला नियत काळ दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. बँक, विमा, औषधनिर्मिती, सॉफ्टवेअर या क्षेत्रांतील नोकऱ्या या व्याख्येत येतात. ‘आनुषंगिक निर्मिती’ म्हणजे सेवेत असताना, सेवेबाहेरच्या वेळात, स्वतःच्या निवडीने केलेले लेखन, चित्र, नाट्य, संगीत इत्यादी. ‘सेवात्याग’ म्हणजे त्या निर्मितीसाठी सेवा सोडणे. अधिक पगारासाठी एक कंपनी सोडून दुसरीत जाणे हा सेवात्याग नव्हे; तो सेवेतील बदल होय. वरिष्ठाला कंटाळून दिलेला राजीनामाही या संज्ञेत बसत नाही, कारण त्यात काय सोडायचे हे ठरलेले असते, कशासाठी सोडायचे हे ठरलेले नसते.

मराठीत ‘जोडधंदा’ हा रूढ शब्द आहे. तो शेतीच्या संदर्भातला असल्याने येथे मुद्दाम टाळला आहे. गोठ्याला कडबा शेतातून मिळतो आणि गोठ्यातले शेणखत शेतात परत जाते. मूळ धंदा व जोडधंदा परस्परांना पोसतात. कार्यालयीन सेवा आणि निर्मिती यांत असा विनिमय क्वचितच असतो. दोन्ही एकाच विहिरीतून पाणी उपसतात, आणि ती विहीर म्हणजे व्यक्तीचा दिवस. त्यामुळे त्यांच्या सहअस्तित्वाचा प्रश्न आवडीनिवडीचा होण्यापूर्वी काळाच्या विभागणीचा होतो. पुढील विवेचनाचा हा पाया आहे.

सेवेविषयीचे असमाधान तीन प्रकारचे असते. पहिले श्रमजन्य: कामाचे तास आणि प्रवास शरीराला झेपत नाहीत. दुसरे संबंधजन्य: वरिष्ठ, सहकारी, अप्रेझल यांतून ते उद्भवते. तिसरे आशयजन्य: काम नीट चालले आहे, माणसे बरी आहेत, तरी त्या कामात आपले असे काही उतरत नाही. पहिले दीर्घ रजेने शमते, दुसरे बदलीने. तिसरे दोन्हींनी शमत नाही. ही केवळ व्याख्या नव्हे, परीक्षाही आहे. महिनाभराच्या रजेनंतर, खाते बदलल्यानंतरही जे उरते तेच आशयजन्य असमाधान, आणि सेवात्यागाच्या विचाराला तेवढेच कारण पात्र ठरते. पात्र कारण मात्र पुरेसे कारण नसते. असमाधान कितीही तीव्र असो, त्याच्या तीव्रतेवरून निर्मितीच्या स्थितीविषयी काहीच कळत नाही. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

निर्मितीच्या तीन अवस्था मानता येतात: रंजन, साधना आणि वृत्ती. रंजनात निर्मिती मनाला वाटेल तेव्हा होते. साधनेत ती नियमाने होते. वाटो न वाटो, आठवड्यातील ठरलेले तास तिला दिले जातात. वृत्तीत त्या नियमावर बाहेरच्या माणसाचा हक्क निर्माण होतो. संपादक, नाट्यसंस्था किंवा ग्राहक ठरलेल्या तारखेला तिची वाट पाहत असतो. हा भेद गुणवत्तेचा नाही. साधनेतली कविता वृत्तीतल्या पटकथेपेक्षा श्रेष्ठ असू शकते. भेद दायित्वाचा आहे.

साधनेतून वृत्तीत जाण्यासाठी मराठी समाजाने एक उत्कृष्ट साधन निर्माण केले आहे, आणि त्याचे या दृष्टीने जेवढे मोल व्हावे तेवढे होत नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून नोकरी करणाऱ्या लेखक-चित्रकारांना वर्षातून एकदा अपरिचित संपादक, निश्चित मुदत, शब्दमर्यादा आणि परक्या वाचकाचा निर्णय या चारही गोष्टी सेवा न सोडता अनुभवता येतात. ज्याचे लेखन सलग काही वर्षे मुदतीत पोचते आणि ज्याला पुन्हा मागणी येते, त्याची निर्मिती वृत्तीच्या सीमेवर आली असे समजावे. स्वतःच्या समजुतीपेक्षा दुसऱ्यांदा आलेले निमंत्रण अधिक विश्वसनीय असते.

आता मुख्य विषय. सेवात्यागासंबंधी दोन प्रश्न असतात आणि ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात: त्याग आवश्यक आहे काय, आणि तो शक्य आहे काय.

आवश्यकता निर्मितीच्या कालरचनेवर अवलंबून असते. काही निर्मिती खंडसह असते. तिचे तुकडे पाडले, मध्ये दिवस गेले, तरी ती मरत नाही. व्यंगचित्र, ललित लेख, कविता, बऱ्याच अंशी कथा ही या वर्गातील. वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करीत असतानाच त्यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे केली आणि मराठी व्यंगचित्राला स्वतंत्र दृष्टी दिली. त्यांच्या कलेला सेवात्यागाची गरज नव्हती, आणि त्याग न केल्याने ती उणी ठरली नाही. दुसरा वर्ग सायंकालीन निर्मितीचा. प्रायोगिक नाटक हे त्याचे उदाहरण. तालीम कार्यालये सुटल्यावर होते आणि प्रयोग मोजके असतात. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ दिग्दर्शित करणारे जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत. त्यात नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. मराठी प्रायोगिक रंगभूमी अशा दिवसा अन्यत्र बांधलेल्या माणसांनी उभी केली.

तिसरा वर्ग दिवस मागणाऱ्या निर्मितीचा. चित्रपटाचे चित्रीकरण कार्यालयाच्या वेळातच होते. व्यावसायिक नाटकाचे दौरे आठवडा व्यापतात. येथे त्याग अटळ होतो. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. तोवर प्रायोगिक नाटक व चित्रकला या दोन्ही गोष्टी त्यांनी सेवेसह चालविल्या होत्या. 1974 च्या ‘रजनीगंधा’नंतर हिंदी चित्रपटाची मागणी निराळ्या जातीची झाली. डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण अधिक बोधक आहे. ते कान-नाक-घसा शल्यविशारद होते. स्वतंत्र वैद्यकी ही काटेकोर अर्थाने सेवा नव्हे, पण तिचे कालबंधन सेवेपेक्षाही कठोर असते, कारण शस्त्रक्रिया आटोपली तरी रुग्णाची जबाबदारी संपत नाही. 1950 च्या दशकाच्या आरंभापासून पुण्यात भालबा केळकर यांच्यासह ‘पीडीए’ या नाट्यसंस्थेतून, पुढे इतरत्र, त्यांनी हौशी व प्रायोगिक नाटके केली. मध्यंतरी विदेशात वैद्यकीय प्रशिक्षण घेतले, टांझानियात व्यवसाय केला. पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर घेतला. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. हा निर्णय आकस्मिक वाटतो, पण त्यामागे दीड तपाहून अधिक काळाची साधना उभी होती. हौशी नाटक वैद्यकीसह निभावले, व्यावसायिक नाटक निभावले नसते. नाटक तेच राहिले तरी त्याची कालरचना बदलली, आणि तिच्याबरोबर त्यागाची आवश्यकता उत्पन्न झाली.

शक्यतेचा विचार गणिताने करावा. तीनशे रुपये किमतीचे मराठी पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती आणि दहा टक्के मानधन गृहीत धरू. संपूर्ण आवृत्ती विकली गेल्यास लेखकास 30,000 रुपये मिळतात. घरखर्च महिना 50,000 रुपये धरला, तर वर्षाला अशा वीस आवृत्त्या खपाव्या लागतील. निष्कर्ष स्पष्ट आहे: मराठी ग्रंथलेखन हे एकट्याच्या बळावर उपजीविकेचा भार उचलू शकत नाही. जो लेखक सेवा सोडतो तो वस्तुतः भाषांतर, मालिकालेखन, जाहिरात, अध्यापन अशा दुसऱ्या श्रमाकडे जातो. हे कमीपणाचे नाही, पण ते आधी माहीत असले पाहिजे.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडावा. सेवेचे मूल्य केवळ हातात येणारे वेतन नव्हे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा आणि कुटुंबाचा सामूहिक आरोग्यविमा राजीनाम्याबरोबर थांबतात. ग्रॅच्युइटीचा हक्क कायम कर्मचाऱ्यास सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन असे तिचे सूत्र आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 52,000 असल्यास दर वर्षाचे 30,000 होतात, म्हणजे वरील गणितातील एका पूर्ण आवृत्तीचे मानधन. पाचवे वर्ष पुरे होण्याच्या तोंडावर उद्वेगाने दिलेला राजीनामा किती पुस्तकांच्या किमतीचा असतो, हे यावरून मोजता येते. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल, तर त्याची तरतूद घरखर्चाहून वेगळी केली पाहिजे; घरखर्च आटोक्यात आणता येतो, हप्ता येत नाही.

शक्यतेचे दुसरे अंग कायद्याचे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 17 नुसार, सेवाकराराखाली नोकरीच्या ओघात झालेल्या निर्मितीचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. ‘नोकरीच्या ओघात’ या शब्दांवर सर्व भिस्त आहे. लेखापालाने रात्री लिहिलेली कादंबरी त्या ओघात येत नाही. जाहिरातसंस्थेतील चित्रकाराने त्याच ग्राहकासाठी, कार्यालयाच्याच संगणकावर काढलेले चित्र वादात सापडू शकते. म्हणून साधन, वेळ आणि विषय या तिन्ही बाबतीत निर्मिती सेवेपासून विलग ठेवावी. बाहेरच्या मानधनाच्या कामाला पूर्वपरवानगी लागते काय, हे नेमणूकपत्रात आरंभीच पाहावे. व्यवसायास प्रतिबंध करणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 ने सामान्यतः निरर्थक ठरतो, पण हे संरक्षण मुख्यतः सेवा संपल्यानंतरचे आहे. 1967 साली कल्याणच्या एका कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरता असा निर्बंध वैध मानला.

येथपर्यंत सेवा ही अडसर म्हणून गृहीत धरली. ती भूमिका अपुरी आहे. सेवा निर्मितीला एक संरक्षण देत असते: न खपण्याचे स्वातंत्र्य. ज्याचे पोट अन्यत्र भरते तो संपादकाला नकार देऊ शकतो आणि एका नाटकासाठी सहा महिने तालीम करू शकतो. सेवात्यागाने हे संरक्षण त्याच दिवशी जाते. दिवस मोकळा होतो, पण त्या दिवसावर आता बाजाराचा हक्क असतो. अनेकांना त्यागानंतर जी अस्वस्थता येते तिचे मूळ बहुधा पैशाच्या टंचाईपेक्षा या अदलाबदलीत असते. एका कालबंधनातून सुटताना दुसरे स्वीकारले, हे त्यांनी मोजलेले नसते. म्हणून शक्यतेच्या परीक्षेत गणित आणि कायदा यांच्या जोडीला हा तिसरा प्रश्न घातला पाहिजे: उपजीविकेचा भार पडल्यावर निर्मितीचे जे स्वरूप होईल, ते आपल्याला मान्य आहे काय? लागूंच्या बाबतीत व्यावसायिक रंगभूमी हे स्वरूप त्यांनी जाणून स्वीकारले. ज्याला ते मान्य नाही, त्याने सेवेत राहणे हा पराभव नव्हे.

सेवात्याग आणि सेवेत राहणे यांशिवाय एक तिसरी शक्यता आहे, तिला ‘सेवांतर’ म्हणता येईल. निर्मितीतून मिळालेला अधिकारच नव्या सेवेचे कारण होतो. ती दुर्मिळ आहे, कारण तीत व्यक्तीच्या सिद्धतेबरोबर संस्थेची गरजही जुळावी लागते. नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत होते. ‘महानिर्वाण’ 1974 मध्ये आणि ‘बेगम बर्वे’ 1979 मध्ये रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरही त्यांची प्रयोगशाळा सुटली नाही. 1996 साली ते तिथून निघाले आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. वेतन पूर्वीप्रमाणेच दर महिन्याला येणार होते, आणि दिवसाचे काम विद्यार्थ्यांना नाटक शिकविणे हे होते.