केशरी कार्डाचा इतिहास

वाळूजच्या कामगाराचं मूल आजारी पडलं तर खर्च कोण करणार? मंडळी, आम्हाला याचं उत्तर नेहमी आई-बापाच्या कागदात सापडतं. १९४८च्या कायद्याने राज्य कामगार विमा आला, पुढे कुटुंबासकट. पण ज्याची नोंद आहे त्यालाच. २०१७पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. नोंद नसलेल्या कंत्राटी कामगाराचं मूल बाहेरच.

२०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपण नव्हतो! नोव्हेंबर २०१३मध्ये आलो. पिवळ्यासोबत केशरी कार्डही घेतलं, हे आम्ही मोठं मानतो. कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाख होते. मात्र केशरीची उत्पन्नमर्यादा एक लाख. दोघंही राबले की कार्ड पांढरं. ती भिंत २०२४ला पडली. तरी ही योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची. खासगी डॉक्टरकडच्या साध्या तापाचे पैसे खिशातूनच जातात.