ब्रेकच्या सुट्या भागांची गोष्ट



आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्कूटर चालवतात. मुलांना शाळेत सोडणे, बाजार करणे, बचत गटाच्या बैठकीला जाणे, सगळे त्या गाडीवर. काही जणी ब्रेकचे शू बदलण्यासारखे कामही घरच्या अंगणात करतात. त्यांना एक अनुभव हमखास येतो. चाक खोलायला अर्धा तास लागतो, पण पार्ट मिळवायला दोन दिवस जातात. दुकानदार गाडीचे नाव विचारतो आणि एक डबी पुढे सरकवतो. घरी येऊन बघावे तर शूवर ड्रम चढत नाही, नाहीतर स्प्रिंगचा आकडा भोकात बसत नाही. परत दुकान गाठले की उत्तर मिळते, "ताई, हाच चालतो. थोडा घासून घ्या."

हे 'थोडा घासून घ्या' आजचे नाही. मोटारगाडीइतकेच ते जुने आहे.

जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या कारखान्यात त्यांच्या पत्नीच्या, बेर्टा बेंझ यांच्या, हुंड्याचा पैसा लागला होता. गाडी तयार होती, पण लोक घ्यायला धजत नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टाबाई ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. वाटेत ना पेट्रोल पंप, ना गॅरेज, ना सुट्या भागांचे दुकान. इंधन त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. साखळीचे काम लोहाराकडून करून घेतले.

ब्रेक लाकडाच्या ठोकळ्यांचे होते. उतारावर ते चाकाला घासून झिजू लागले. बेर्टाबाईंनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या लायनरची सुरुवात म्हणून आज याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. झिजणारा भाग वेगळा ठेवावा, म्हणजे झिजला की तेवढाच बदलता येतो, ही साधी गोष्ट गाडी चालवणाऱ्या बाईला रस्त्यावर उमगली.

पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनाही असेच काहीसे दिसले. डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे तुकडे ठोकत. फ्रूड यांनी १८९७ मध्ये याच कामासाठी खास अस्तर बनवायला घेतले. त्यांच्या मालाचे नाव 'फेरोडो'. फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे पहिले अक्षर घातले, असे सांगतात.

आता अस्तर विकत मिळू लागले. पण ते किंवा दुसरा कोणताही पार्ट गाडीला बसवायचा म्हणजे कानस हातात घ्यावी लागे. प्रत्येक गाडी कारागिरांनी हाताने जुळवलेली असे. एकाच कारखान्यातल्या दोन गाड्यांचे भाग एकमेकींना लागतील याची खात्री नसे. नवा पार्ट म्हणजे अर्धाच तयार पार्ट. उरलेला अर्धा फिटरने घासून पुरा करायचा.

ही रीत मोडता येते हे १९०८ मध्ये जगाने पाहिले. इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर एक परीक्षा घेतली. अमेरिकेत बनलेल्या तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण खोलल्या. सगळे भाग एकत्र मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून कुलपात ठेवले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले नवे भाग घातले. मग साधे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिन्ही गाड्या पुन्हा जोडल्या. कानस लावायची नाही, ही अट. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि प्रत्येक गाडी त्या मैदानावर पाचशे मैल चालली. यामागे जादू नव्हती. कारखान्यात प्रत्येक भाग ठरलेल्या मापाच्या गेजने तपासला जाई आणि मापात नसला तर बाद होई.

म्हणजे डबीतून काढला आणि बसला, अशा पार्टचा आपला हक्क शंभर वर्षांहून जुना आहे.

या गोष्टीला एक दुःखाची बाजूही आहे. ब्रेक तापतो आणि चामडे, कापूस जळतात. म्हणून अस्तरात ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसते, पण त्याची धूळ फुप्फुसात रुतून बसते. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत नेली केरशॉ नावाची कामगार स्त्री सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ती गेली. तिची फुप्फुसे तपासून डॉ. कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिले. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या धुळीबाबत नियम आले ते १९३१ मध्ये. म्हणून लायनर 'थोडा घासून घ्या' असे कोणी म्हटले, तर नेलीची आठवण ठेवा. आपल्या बाजारातल्या स्वस्त लायनरमध्ये काय मिसळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पंपानेही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

मग आजही पार्ट का बसत नाही? एक कारण नकली माल. दुसरे कारण असे, की गाडीचे नाव तेच राहते आणि आतले बदलते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था किंवा एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या स्कूटरच्या ब्रेकची जोडणी सारखी असेलच असे नाही. तिसरे कारण आपल्याच ड्रममध्ये असते. वर्षानुवर्षे घासून ड्रम आतून झिजतो, काठावर कंगोरा उभा राहतो आणि नवा, जाड शू तिथे अडतो. अशा वेळी दोष शूचा नसतो. ड्रम तपासून घ्यावा लागतो.

तेव्हा दुकानात जाताना गाडीचे नुसते नाव सांगू नका. आरसी बुक न्या, त्यावर गाडी बनल्याचा महिना, वर्ष आणि चासी नंबर असतो. जुना शू स्प्रिंगसकट पिशवीत घाला आणि काउंटरवरच नव्याशेजारी ठेवून बघा. डबीवरचा पार्ट नंबर वाचा, पक्के बिल घ्या. शू नेहमी जोडीने बदला. बसवल्यावर चाक हाताने फिरवून पाहा, मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक दाबून पाहा, मगच मुलांना मागे बसवा. आणि ब्रेकचा पार्ट घासूनच बसवावा लागणार असेल, तर तो परत करा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. उतारावर गाडी आपल्याला थांबवायची असते, त्याला नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी जपून चालवा. नमस्कार.