ब्राउझर : शुद्धलेखन-तपासणी व सुरक्षा

जागतिक जाळ्यावरील पाने मागवून ती संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मांडणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर होय. वाचनाबरोबरच पत्रलेखन, अर्ज भरणे, पैशांचे व्यवहार इ. कामे ब्राउझरमधून होऊ लागली, तेव्हा त्याच्याकडे दोन नव्या जबाबदाऱ्या आल्या : वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर तपासून देणे आणि बाहेरून येणाऱ्या मजकुरापासून त्याच्या यंत्राचे रक्षण करणे. पहिली सोयीची, तर दुसरी निकडीची समजली जाते. तथापि दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

तपासणीचा उगम : शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली ब्राउझरपेक्षा सु. तीस वर्षांनी जुनी आहे. १९६१ मध्ये लेस अर्नेस्ट यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे हस्ताक्षर ओळखण्याच्या प्रयोगासाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी वापरली. वाचलेला शब्द यादीत आहे की नाही, एवढेच यंत्र पाहत असे. १९६४ मध्ये फ्रेडरिक डॅमराऊ यांनी दाखवून दिले, की लेखनातील ८० टक्क्यांहून अधिक चुका चार प्रकारांत मोडतात : एक अक्षर जास्त पडणे, एक गळणे, एकाच्या जागी दुसरे येणे आणि लगतच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. यामुळे चूक दाखविण्याबरोबर योग्य शब्द सुचविणेही शक्य झाले. १९७१ मध्ये रॅल्फ गोरिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेली ‘स्पेल’ ही आज्ञावली अशा सूचना देत असे.

बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ मध्ये यूनिक्स प्रणालीसाठी तपासक लिहिला व डग्लस मॅकिलरॉय यांनी त्याची नव्याने रचना केली. त्या काळच्या संगणकात आज्ञावलीला केवळ ६४ किलोबाइट स्मृती मिळत असे. मॅकिलरॉय यांनी इंग्रजी प्रत्यय वेगळे काढून मूळ शब्दच यादीत ठेवले आणि प्रत्येक शब्दाऐवजी त्यावरून काढलेली लहानशी संख्या साठविली. त्यामुळे सु. ३०,००० शब्द तेवढ्या जागेत मावले. क्वचित एखादा चुकीचा शब्द बरोबर ठरण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता.

प्रत्ययप्रधान भाषा व मराठी : इंग्रजीत एका शब्दाची रूपे थोडी असतात. हंगेरियन भाषेत मात्र एकाच नामाला प्रत्ययांच्या साखळ्या लागून असंख्य रूपे होतात. या अडचणीतून लास्लो नेमेट यांनी ‘हनस्पेल’ हा तपासक विकसित केला. त्यात मूळ शब्दांची एक सूची व प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, अशा दोन स्वतंत्र फायली असतात. फायरफॉक्स व क्रोम या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी हाच तपासक स्वीकारला. हंगेरियनच्या गरजेतून निघालेली ही रचना मराठीलाही उपयुक्त ठरली. कारण ‘घर’ या एका शब्दापासून घराला, घरात, घरातून, घरापासून, घरातल्यांना अशी अनेक रूपे होतात व ती सर्व यादीत लिहून काढणे व्यवहार्य नाही.

मराठीपुढील प्रश्न एवढ्याने संपत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कारिलेले व शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर घातलेले चार, असे एकूण अठरा लेखननियम प्रचलित आहेत. त्यांनुसार ‘मूल’ या शब्दातील दीर्घ ऊकार ‘मुलाला’ या रूपात ऱ्हस्व होतो. ‘शरीर’ हा तत्सम शब्द असल्याने ‘शरीराला’ मध्ये ईकार दीर्घच राहतो. म्हणजे शब्द कोठून आला, याची नोंदही सूचीत असावी लागते. ‘सुऱ्या’ सारख्या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असले, तरी यंत्राच्या लेखी ते भिन्न शब्द ठरतात. शिवाय ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्ध असल्याने, एकाच्या जागी दुसरा पडल्यास केवळ यादी पाहणाऱ्या तपासकाला चूक दिसत नाही.

ब्राउझरमधील प्रवेश : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये ‘सर्न’ या संस्थेत लिहिलेला पहिला ब्राउझर पाने दाखवीत असे, तसेच ती लिहिण्याचेही साधन होता व त्यात शुद्धलेखन-तपासणीची सोय होती. पुढील ब्राउझर प्रामुख्याने वाचनासाठी बनले व ही सोय मागे पडली. १९९५ मध्ये ‘वर्ड’ या लेखन-आज्ञावलीत चुकीच्या शब्दाखाली लिहितानाच तांबडी नागमोडी रेघ उमटू लागली. ऑक्टोबर २००६ मध्ये फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीने अशी तपासणी पानांवरील लेखनचौकटीत आणली. २००८ मधील क्रोमच्या पहिल्या आवृत्तीतही ती होती.

सुरक्षा व अद्ययावतीकरण : ब्राउझर अनोळखी ठिकाणाहून आलेला मजकूर व चित्रे उलगडतो, तसेच त्यांसोबत आलेल्या आज्ञाही चालवितो. उलगडण्याच्या कामात एखादी त्रुटी असल्यास तिचा फायदा घेऊन परक्याला यंत्रात शिरता येते. १९९५ मध्ये इअन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी दाखवून दिले, की नेटस्केपमधील गुप्तलेखनाच्या किल्ल्या ज्या यादृच्छिक संख्यांवरून बनत, त्यांचा अंदाज बांधता येतो. दुरुस्त आवृत्ती लवकरच निघाली, परंतु ती प्रत्येकाने स्वतः उतरवून घ्यावी लागे.

या पद्धतीचा दोष इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत प्रकर्षाने दिसून आला. ती २००१ मध्ये निघाली. तोवर स्पर्धा जवळजवळ संपलेली असल्याने पुढील आवृत्ती येण्यास २००६ उजाडले. अनेक कार्यालयांनी आपल्या आज्ञावल्या तिलाच बेतून लिहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना ती सोडता येईना. जानेवारी २०१० मध्ये गूगल व इतर कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात याच ब्राउझरमधील त्रुटी वापरल्याचे उघड झाले. जर्मनी व फ्रान्स येथील शासकीय संस्थांनी नागरिकांना दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला आणि मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारी रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढली. १५ जून २०२२ रोजी या ब्राउझरचा अधिकृत आधार विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर संपला.

दुरुस्ती प्रसिद्ध होणे व ती यंत्रात बसणे यांमधील काळ सर्वांत धोक्याचा असतो. जुनी व नवी आवृत्ती ताडून पाहिल्यास त्रुटी नेमकी कोठे होती, हे हल्लेखोरालाही कळते. यासाठी २००८ मध्ये क्रोमने वापरणाऱ्याला न विचारता पार्श्वभूमीवर अद्ययावत होण्याची पद्धत अवलंबिली. २००९ मधील एका अभ्यासानुसार नवी आवृत्ती निघाल्यापासून तीन आठवड्यांत क्रोमचे सु. ९७ टक्के वापरकर्ते तीवर आले. फायरफॉक्सच्या बाबतीत हे प्रमाण सु. ८५, तर ऑपेराच्या बाबतीत सु. २४ टक्के होते. पुढे इतर ब्राउझरांनीही हाच मार्ग धरला. सततचे बदल न परवडणाऱ्या संस्थांसाठी फायरफॉक्सने २०१२ पासून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती सुरू केली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ चित्रे उलगडणाऱ्या सामायिक आज्ञावलीत गंभीर त्रुटी आढळली. नुसते चित्र दाखविल्यानेही यंत्र धोक्यात येऊ शकत असे. मात्र क्रोम व फायरफॉक्स यांच्या दुरुस्त्या काही दिवसांतच वापरकर्त्यांकडे रवाना झाल्या.

दोहोंचा संबंध : शुद्धलेखन-तपासक हाही परका मजकूर वाचणारा आज्ञावलीचा भाग असल्याने त्यातील त्रुटीही घातक ठरू शकते. क्रोमच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये नमूद केले, की त्यातील गंभीर त्रुटींपैकी सु. ७० टक्के स्मृतीच्या सदोष हाताळणीतून उद्‌भवल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये फायरफॉक्सच्या ९५ व्या आवृत्तीत हनस्पेलसह काही भाग स्वतंत्र कप्प्यात बंदिस्त करण्यात आले. त्यामुळे तपासक फसला, तरी उरलेला ब्राउझर सुरक्षित राहतो.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा आहे. यंत्रातील सूचीवरून होणारी तपासणी मजकूर बाहेर पाठवीत नाही. क्रोममधील ‘वर्धित’ तपासणी मात्र तो कंपनीच्या संगणकाकडे पाठविते. ती निवडलेली असताना परवलीचा शब्द उघड करून पाहिल्यास तोही बाहेर जाऊ शकतो, असे २०२२ मध्ये निदर्शनास आले. ही तपासणी वापरणाऱ्याने स्वतः सुरू करावी लागते आणि पान तयार करणाऱ्यालाही विशिष्ट चौकटीतील तपासणी बंद ठेवता येते.

मर्यादा : अद्ययावतीकरण यंत्राच्या प्रणालीवर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ व ८.१ वर चालत नाहीत. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या व्यक्ती, शाळा व लहान कार्यालये यांना त्यामुळे उणिवा माहीत असलेला ब्राउझर वापरत राहावे लागते. भारतात २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था ब्राउझरांतील त्रुटींविषयी सूचना प्रसृत करते. परंतु जेथे दुरुस्तीच पोहोचत नाही, तेथे सूचनेचा उपयोग मर्यादित असतो. शब्दसूची आणि सुरक्षा या दोन्ही एकदा तयार करून संपणाऱ्या गोष्टी नाहीत. भाषेत नवे शब्द येतात, आज्ञावलीत नव्या त्रुटी सापडतात आणि दोहोंची सतत देखभाल करणे अपरिहार्य ठरते.