महाधमनीवर चढाई, पण खालून

२५ ऑक्टोबर १७६० च्या सकाळी ग्रेट ब्रिटनचे राजे दुसरे जॉर्ज नेहमीप्रमाणे चॉकलेट प्यायले, शौचाला गेले आणि तिथेच कोसळले. राजवैद्य फ्रँक निकल्स यांनी शवविच्छेदन केलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत गोठलेलं रक्त गच्च भरलं होतं आणि महाधमनीच्या आतल्या अस्तराला सुमारे दीड इंचाची चीर गेली होती. निदान झालं, इलाजाला मात्र दोन शतकं लागायची होती.

महाधमनी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघून वर चढते, तो आरोही भाग. मग ती कमानीसारखी मागे वळते. कमानीच्या तीन फांद्या डोकं आणि हात पोसतात. पुढे कण्याला लागून छातीतून खाली, श्वासपटल ओलांडून पोटात, आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दोन फाटे. शल्यविशारदांनी हा रस्ता उलट्या दिशेने सर केला.

कारण साधं होतं. रक्त थांबवायला मूत्रपिंडांच्या खाली चिमटा लावला, तर पाय तासभर तरी तग धरतात. कमानीवर लावला, तर काही मिनिटांतच मेंदू हातचा जातो.

म्हणून पहिला हात पोटाला. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१७ मध्ये पोटातली महाधमनी दोऱ्याने बांधली. रोगी सुमारे ४० तास जगला. १९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी पोटातला फुगलेला भाग कापून मृत दात्याची धमनी जोडली.

अशा धमन्या पुरणार किती? ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले. ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन हे कृत्रिम कापड घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवणकाम ते लहानपणीच आईकडून शिकले होते. १९५३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी डेंटन कूली छातीतून खाली उतरणाऱ्या, म्हणजे अवरोही भागापर्यंत पोहोचले. रक्ताभिसरण यंत्रावर सोपवता येऊ लागल्यावर १९५६ मध्ये आरोही भाग आणि १९५७ मध्ये कमानही बदलली गेली.

२००५ च्या अखेरीस ९७ वर्षांच्या डिबेकींच्या स्वतःच्या आरोही महाधमनीला चीर गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये सहकाऱ्यांनी तिथे डेक्रॉनची नळी बसवली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले. जुलै २००८ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.