अंकुरापासून कालियामर्दनापर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या तेल्हाऱ्यासारख्या वऱ्हाडी गांवांत देवादिकांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांत ऐकल्या जात आणि दंडारींत पाहिल्या जात. दंडारींत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करी, आणि प्रेक्षकांस त्यांत कांहींच वावगें वाटत नसे. अशा कथांना छायाचित्रणाच्या बळावर देह आणि गति देण्याचा प्रयोग महाराष्ट्रांत ज्यांनीं केला, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

१८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि बडोद्यासच त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु कॅमेरा देहांतील शक्ति शोषून घेतो व माणूस मरतो, अशी तेथील लोकांची समजूत होती. धंदा चालला नाहीं.

पुढें मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला कीं, आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर यावेत. अहोरात्र चित्रपट पाहण्यानें त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. तरीही विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचीं एकेक चित्रें टिपलीं. तीं सलग दाखवितांच मिनिटभरांत अंकुर फुटून वेल वर चढूं लागला! या चित्रानेंच धनिकाची खात्री पटली व कर्ज मिळालें.

३ मे १९१३ रोजीं मुंबईंत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना. तेव्हां उपाहारगृहांतील आचारी अण्णा साळुंके हे तारामती झाले. दंडारीची रीत येथेंही उपयोगी पडली. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता हीं दोन्ही रूपें साळुंके यांनींच घेतलीं.

१९१९ च्या ‘कालियामर्दना’त फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभीं केवळ तिच्या मुद्रेवरील बदलते भाव दिसतात. नंतर तें चित्र विरत जातें आणि त्यांतूनच वेषधारी कृष्ण उमलतो. मुलगी कोठें संपली व देव कोठें उगवला, तें डोळ्यांना कळत नाहीं.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास निवर्तले. ‘कालियामर्दना’चा बराचसा भाग मात्र शिल्लक राहिला आहे. ज्या यंत्रानें जीव जातो असें बडोद्याचे लोक मानीत, त्याच यंत्रानें टिपलेली ती बालमुद्रा शतक उलटल्यावरही हंसते आहे.